मागच्या जोडीचं टायर आणि सोलापूरचं काळं रान

उडीद काढणीला येतो नेमका तेव्हाच सोलापूर जिल्ह्यात खरा पाऊस सुरू होतो. वर्षाची सरासरी साधारण साडेपाचशे मिलिमीटर, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा सप्टेंबरचा. जून-जुलैत आभाळाकडं बघत काढायचे, आणि माल घराकडं आणायची वेळ आली की पूर्वा, उत्तरा, हस्त ही नक्षत्रं एकामागून एक कोसळायची. बार्शी-अक्कलकोटकडचा उडीद, त्यामागोमाग सोयाबीन, सांगोल्याचं आंबे बहाराचं डाळिंब, मग खरिपाचा कांदा. हे सगळं चिखलातून बाहेर काढून सोलापूरच्या सिद्धेश्वर बाजार समितीत किंवा थेट पुण्या-मुंबईला पोचवायचं असतं, आणि ते पोचवते पिकअप.

गाड्या वेगवेगळ्या आहेत. २००५ साली आलेली टाटा एस, जिला सगळे छोटा हत्ती म्हणतात, बोलेरो पिकअप, दोस्त, योद्धा. पण रस्त्यावर दिसणाऱ्या जवळजवळ सगळ्यांत इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना मिळतो. चारही चाकं ओढणाऱ्या पिकअप मिळतात, पण त्यांची जादा किंमत आणि जादा डिझेल कांदा-टोमॅटोच्या भाड्यात बसत नाही. त्यामुळं चिखलाचा सगळा भार येऊन पडतो टायरवर. आणि टायरबद्दल जो तो ठाम असतो. दुकानदार म्हणतो मागं लग टाका, मेव्हणा म्हणतो रेडियलशिवाय दुसरं घेऊ नका, एखादा तरुण मालक जीपगाड्यांची बटणाची टायरं दाखवतो. तिघांचंही कुठं ना कुठं बरोबर असतं. माझं मत असं की टायरचं नाव घेण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं घ्यावीत. गाडी वर्षात किती डांबरावर चालते आणि किती मातीवर? आणि त्या मातीखाली मुरूम किती खोल आहे?

दुसरा प्रश्न दुकानात कुणी विचारत नाही, म्हणून तो आधी घेतो.

आपली माती दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन झालेली. पण तिची जाडी सगळीकडं सारखी नाही. सांगोल्याकडच्या माळरानात वीतभर उकरलं की मुरूम लागतो. भीमा-सीनेच्या काठाला आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या पट्ट्यात ती पुरुषभर खोलही सापडते. या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं, वाळलं की आकसतं. म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसात लोण्यासारखा चिखल. सोलापूरला १९३३ पासून कोरडवाहू शेतीचं संशोधन चालू आहे, आणि त्याचा गाभाच हा की या मातीत पाणी मुरवून, धरून कसं ठेवायचं. ज्या गुणावर आपली रब्बीची ज्वारी एका पावसाच्या ओलीवर येते, तोच गुण चाकाला रुतवतो.

त्यामुळं सोलापुरात चिखल दोन प्रकारचा आहे, आणि दोघांना टायर वेगळं लागतं. पहिला म्हणजे कठीण तळावरचा पातळ राडा. मुरूम टाकलेला पाणंद रस्ता, हलक्या रानातली गाडीवाट, ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांनी डांबरावर आणून टाकलेला मातीचा थर. इथं टायरनं वरचा थर कापून खालच्या कठीण जागेला टेकायचं असतं. अरुंद टायर, पुरती हवा आणि कड शाबूत असलेली नक्षी इथं कामाला येते. दुसरा म्हणजे तळ नसलेला चिखल, भारी रानातला. तिथं अरुंद टायर खाली खाली जात राहतं आणि टेकायला काहीच सापडत नाही. शेवटी डिफरन्शियलचा गोळा जमिनीला लागतो आणि गाडी पोटावर बसते. तिथं टायरनं वर तरंगून राहायचं असतं, म्हणजे रुंद टायर, कमी हवा, मोकळी नक्षी. एकाच गाडीला दोन्ही जमणार नाही. सांगोल्यातल्या मालकाची शिफारस मंगळवेढ्यातल्या मालकाला फसवते ती यामुळं, त्यात टायर कंपनीचा काही दोष नसतो.

तरंगण्याचं गणित फार साधं आहे. टायर जमिनीवर जो दाब टाकतं तो ढोबळमानानं आतल्या हवेच्या दाबाएवढा असतो. ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या टायरात बारा ते सोळा पाउंड हवा असते, म्हणून एवढं अवजड धूड काळ्या रानात चालतं. भरलेल्या पिकअपच्या मागच्या टायरात साठीच्या आसपास पाउंड हवा भरावी लागते. त्या दाबाला ओलं काळं रान टिकूच शकत नाही, मग नक्षी कुठलीही असो. रिकामी गाडी रानात न्यायची असेल तर मागची हवा तीस पाउंडांपर्यंत उतरवून पाहावी. टायर लांबीला पसरतं, पकड लगेच वाढते. पण तशा हवेवर माल भरायचा नाही, वेगानं चालवायचं नाही, आणि डांबराला लागण्याआधी हवा परत भरायची. सिगारेट लायटरच्या जागेत लावायचा छोटा कॉम्प्रेसर आता सहज मिळतो. तो नसेल तर हवा उतरवायच्या फंदात पडू नये. कमी हवेचं टायर भरल्या गाडीखाली तापून फुटतं, आणि ट्यूबलेस असेल तर टायर नि डिस्कच्या मध्ये चिखल शिरून हवा हळूहळू जात राहते ते वेगळंच.

आता नक्षी. लग टायर म्हणजे आडवे जाड ठोकळे, रिब म्हणजे परिघावरून फिरणाऱ्या सरळ पट्ट्या. पुढं रिब, मागं लग ही ट्रकवाल्यांची जुनी रीत, आणि तिच्यामागं कारण आहे. पुढचं चाक वळवायचं काम करतं, त्याला बाजूला न घसरणारी सरळ धार हवी. मागचं चाक ढकलतं, त्याला मातीत रुतवायला आडवी कड हवी. पण काळ्या मातीत खोल नक्षीपेक्षा मोकळी नक्षी महत्त्वाची. ठोकळ्यांमधली फट अरुंद असेल तर दोन फेऱ्यांत तिथं माती बसते, आणि भाकरीच्या पिठानं भरलेल्या हातासारखं टायर गुळगुळीत होऊन जातं. नक्षी दहा मिलिमीटर खोल असली तरी मग ती गोट्यासारखीच. फट रुंद आणि बाहेरच्या बाजूला उघडी असेल तर चाक फिरताना माती बाहेर फेकली जाते. ट्रॅक्टरच्या टायरची दांडे-दांडे असलेली नक्षी बघा, दोन दांड्यांत हात मावतो, आणि प्रत्येक दांडा खांद्याकडं तिरपा जातो. पिकअपसाठी लग निवडताना खांद्याजवळची फट बघावी. दुकानात बोट घालून बघायला काही हरकत नाही.

इथं बर्फाचा एक उल्लेख करावा लागतो, कारण बऱ्याच टायरांच्या कडेवर एम प्लस एस अशी खूण असते. एम चिखलाचा, एस बर्फाचा. ती बघून लोक समजतात की टायर चिखलासाठी खास आहे. ही खूण नक्षीच्या रचनेवरून कंपनी स्वतःच टाकते. खऱ्या बर्फासाठी तपासलेल्या टायरवर तीन शिखरं आणि हिमकणाचं चित्र असतं. शिवाय चिखल आणि बर्फ या दोघांच्या मागण्या एकमेकांविरुद्ध आहेत. बर्फावर नक्षीत बर्फ भरून राहिलेला चांगला असतो, कारण बर्फाला बर्फ धरतो. म्हणून हिवाळी टायरांना दाट नक्षी आणि बारीक चिरा असतात. काळी माती नक्षीत बसली की वंगण होते. बर्फाच्या टायरचं रबरही मऊ असतं, साधारण सात अंशांखालच्या थंडीत लवचीक राहावं म्हणून. फिनलंडमधल्या नोकियाच्या कारखान्यानं असं हिवाळी टायर पहिल्यांदा १९३४ मध्ये ट्रकसाठी काढलं. क्वेबेकमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना डिसेंबरपासून मार्चच्या मध्यापर्यंत हिवाळी टायर कायद्यानंच बसवावी लागतात, आणि तिथं ते योग्यच आहे. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर असताना, ते मऊ रबर डोळ्यांदेखत झिजेल. तेव्हा आपल्याकडं एम प्लस एस ही खूण फक्त एवढंच सांगते की नक्षी थोडी मोकळी आहे. त्याहून जास्त अर्थ काढू नये आणि त्यासाठी जास्त पैसेही देऊ नयेत.

ऊसतोडीच्या टायरगाड्या बघितल्या की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. त्यांची टायरं बहुतेक गोटा झालेली, ट्रक-बसमधून उतरलेली असतात, तरी त्या उसाच्या फडातून बाहेर पडतात. कारण त्या टायरांना ढकलायचं काहीच नसतं. जोर बैलांच्या खुरांचा, टायर नुसतं लोळतं. लोळणाऱ्या चाकाला नक्षी लागत नाही, त्याला फक्त खाली न जाण्याएवढी रुंदी लागते. पिकअपची पुढची दोन चाकं रानात अशीच लोळणारी असतात. ती रुतली तर समोर मातीचा ढीग ढकलत जातात, आणि मागच्या चाकांचा अर्धा जोर त्या ढिगात जातो. म्हणून फक्त मागं भारी लग टाकून पुढं जुनी, चिंचोळी, गोटा झालेली जोडी ठेवणं ही खोटी काटकसर आहे. शिवाय ओल्या डांबरावर ब्रेकचा मोठा भार पुढची चाकंच घेतात.

रिकामी पिकअप का घसरते हेही यातूनच समजतं. इंजिन आणि केबिन पुढं, हौदा मोकळा. मागच्या चाकांवर वजन नसेल तर कुठल्याही नक्षीला माती धरता येत नाही. पातळ राड्यात रिकामी गाडी जागेवर चाकं फिरवत बसते आणि तीच गाडी अर्धी भरली की निघून जाते. पावसाळ्यात रिकामी जाताना हौद्यात वाळूची दोन-तीन पोती मागच्या एक्सलच्या बरोबर वर टाकून बांधून ठेवावीत. अगदी शेवटी फाळक्याला टेकून ठेवली तर पुढचं चाक हलकं होतं आणि वळण चुकतं. पण हा उपाय कठीण तळाच्या चिखलापुरताच. भारी रानात वजन वाढवलं की गाडी आणखी लवकर बसते. साध्या डिफरन्शियलचा स्वभावही लक्षात घ्यावा, ज्या चाकाला पकड कमी तेच तो फिरवतो. हँडब्रेक मागच्या चाकांवर असेल तर तो एक-दोन दाते ओढून हळू अ‍ॅक्सिलरेटर दिला की फुकट फिरणारं चाक थोडं अडतं आणि जोर दुसऱ्याकडं जातो. दर वेळी जमेल असं नाही, पण खर्च काही नाही.

हे सगळं चिखलाचं झालं. माझं खरं म्हणणं मात्र डांबराबद्दल आहे. चिखलात फसलेल्या गाडीचं नुकसान म्हणजे दोन तास, ट्रॅक्टरवाल्याचे पैसे, फार तर हुकलेला लिलाव. पुण्याच्या किंवा हैदराबादच्या रस्त्यावर, भरल्या गाडीचं मागचं टायर एप्रिलच्या दुपारी फुटलं किंवा पहिल्या पावसात ब्रेक लागला नाही, तर माणसं जातात. आणि जे लग टायर रानात सरस असतं तेच ओल्या डांबरावर कमी पडतं. मोकळ्या फटी म्हणजे रस्त्याला लागणारं रबर कमी, ठोकळे उंच म्हणजे ते ब्रेकखाली वाकतात, जाड रबर म्हणजे सलग वेगात साठणारी उष्णता. ज्याची पिकअप द्राक्षाच्या हंगामात रोज रात्री मुंबईला जाते आणि रानात वर्षातून पंधरा दिवस उतरते, त्यानं त्या पंधरा दिवसांसाठी बाकीचं वर्ष धोक्यात घालू नये. त्याला चारही रेडियल, पुढं रिब आणि मागं मध्यम मोकळी नक्षी, जिला दुकानात सेमी लग म्हणतात. रानातला माल बांधापर्यंत ट्रॅक्टरनं आणावा. ज्याची गाडी गावातून तालुक्याला, दूध, चारा, मजूर, भाजी अशी साठ-सत्तर किलोमीटरच्या आत फिरते आणि रोज कच्च्या वाटेवर असते, त्यानं मागं पूर्ण लग टाकावं.

नायलॉन की रेडियल हा वादही याच रस्त्यावर सुटतो. रेडियल थंड चालतं, जास्त टिकतं, डिझेल वाचवतं आणि त्याच हवेला जमिनीवर जास्त लांब टेकतं. पण त्याची बाजू पातळ असते. तुरीच्या रानात कापणीनंतर उभी राहिलेली धसकटं त्या बाजूत शिरतात आणि बाजूला झालेलं भोक दुरुस्त करून उपयोग नसतो. वेड्या बाभळीचा काटा नक्षीतून गेला तर पंक्चर निघतं, धसकट बाजूतून गेलं तर टायर जातं. तुरीत रोज गाडी घालणाऱ्यानं नायलॉनचा विचार केला तर त्याला मागासलेला म्हणण्यात अर्थ नाही. फक्त एका एक्सलवर दोन जाती कधीही घालू नयेत. आणि दोनच रेडियल घ्यायची असतील तर ती मागं घालावीत, पुढं नाही. उलट केलं तर वळणावर गाडीचा मागचा भाग आधी सुटतो.

माप बदलायचा मोह अनेकांना होतो. छोट्या हत्तीचं १४५ आर १२ टायर बघून वाटतं की जरा मोठं घालावं. मोठ्या व्यासाच्या टायरानं गाडी वर उचलली जाते हे खरं, पण एका फेरीत ती जास्त अंतर कापते, म्हणजे पहिल्या गिअरचा जोर कमी होतो. चिखलात जोर हवा असतो तेव्हा क्लच जळू लागतो. कंपनीनं त्या गाडीसाठी दिलेल्या मापांच्या बाहेर जाऊ नये. माप तेच ठेवून भाराचा आकडा मात्र जरूर बघावा. टायरच्या कडेवर मापानंतर येणारा १०० हा आकडा ८०० किलो सांगतो, १०८ म्हणजे १००० किलो. दीड टन कांदा आणि गाडीचं मागचं वजन मिळून एक्सलवर दोन टन सहज होतात, म्हणजे एका टायरवर एक हजार किलो. त्याहून कमी आकड्याचं टायर, कितीही स्वस्त मिळालं तरी, मागं बसवू नये. आणि आपण दीड टनावर थांबतो का, हे प्रत्येकानं स्वतःला विचारावं. बहुतेक टायरं चिखलानं मरत नाहीत, जादा मालानं मरतात.

रिमोल्डबद्दल मी एकदम नाही म्हणणार नाही. चांगला सांगाडा, ओळखीचा कारखाना, मागची जोडी आणि गावातल्या गावात फिरणारी गाडी असेल तर लग नक्षीचं रिमोल्ड पावसाळ्यापुरतं काम करतं. पुढच्या चाकाला रिमोल्ड नको, आणि उन्हाळ्यात महामार्गाला तर मागंही नको. थर सुटला की काय होतं ते महामार्गाच्या कडेला पडलेल्या रबरी सालपटांवरून दिसतं.

काही वेळा मात्र टायरचा विषयच संपलेला असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला, करमाळा, माढा, मोहोळ तालुक्यांतली गावं पाण्यात गेली, आणि पाणी ओसरल्यावर वाटांवर गाळाचा थर राहिला. अशा गाळात कुठल्याही दोन चाकांच्या जोरावर गाडी घालू नये. एरवीही भारी रानात मोठा पाऊस झाला की वाफसा येईपर्यंत थांबणं हाच उपाय, पाभरीला जो नियम तोच पिकअपला. थांबता येत नसेल तर गाडी बांधावर उभी करून माल डोक्यावर किंवा ट्रॅक्टरनं बाहेर आणावा. आणि फसलीच तर चाकं जोरात फिरवू नयेत, प्रत्येक फेरीला खड्डा खोल होतो. चाकामागची माती खोऱ्यानं काढून उसाचं पाचट, तुराट्या किंवा बारदान खाली घालावं आणि आल्या वाटेनंच मागं यावं. हिमाचलात सफरचंदाच्या पट्ट्यातले चालक बर्फासाठी मागच्या चाकांना साखळ्या लावतात. त्या साखळ्या पातळ राड्यातही चालतात, डांबराला लागताच काढायच्या एवढंच. आपल्याकडं त्या फारशा कुणी बाळगत नाही. गाडीत कायम ठेवायच्या सामानात पाना-जॅकशेजारी त्यांना जागा असावी असं मला वाटतं.

पाणंद रस्त्यांवर एक वाक्य बोललंच पाहिजे. राज्य सरकारनं २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. जिथं असा रस्ता खरोखर मुरूम-खडीनं झाला, तिथं शेतकऱ्याचा टायरचा खर्चही उतरतो. ग्रामसभेत हा रस्ता मागताना पिकाच्या नुकसानीबरोबर टायर, क्लच आणि ट्रॅक्टरच्या ओढणावळीचा हिशेबही मांडावा.

खरेदीचं थोडक्यात. कडेवर शेवटी चार आकडे असतात, २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. वर्षाहून जुनं टायर नव्याच्या भावानं घेऊ नये. आयएसआयची खूण नसलेलं घेऊच नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, बिलावर तो तसाच लागलाय का ते बघावं. कायद्यानं नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायर बाद, पण काळ्या मातीसाठी ते चार मिलिमीटरलाच बाद धरावं. म्हणून मागची जोडी मृगाच्या घाईत न बदलता ऑगस्टच्या शेवटी बदलावी, उडीद काढायच्या आत. नव्या नक्षीची धार पूर्वा-उत्तरा-हस्ताच्या चिखलात वापरली जाते, हिवाळाभर ती डांबरावर झिजते, आणि मेच्या उन्हापर्यंत ठोकळे उतरून टायर थंड चालायला लागलेलं असतं. उतरलेली जोडी चार मिलिमीटरच्या आसपास असेल तर फेकू नये. तिच्यातलं चांगलं एक स्टेपनीला ठेवावं.